नव्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविताना



वसंत व्याख्यानमालेत अर्थशास्त्रासारखा रुक्ष विषय ठेवणे, आणि तोही या उकाड्यात, म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच आहे. पण या विषयावर कोल्हापूरचा हक्क आहे, एवढे आधी सांगून ठेवतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. विलायतेतील अर्थशास्त्राचे सिद्धांत इकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे त्यांनी तेथे ठणकावून सांगितले. त्या रानड्यांचे बालपण आणि शाळेचे पहिले धडे याच गावातले. गोपाळराव गोखलेही येथेच शिकले. तेव्हा आम्ही काही परका पाहुणा तुमच्या दारी आणलेला नाही.

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. तोवर आमची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठाची पाटी बदलते, पण अभ्यासक्रम आणि मास्तरांच्या वह्या इतक्या लवकर बदलत नाहीत. साठीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही वर्गात उभे राहिलो ते जुन्याच टिपणांवर. समोर बसलेली मुले मात्र नवी होती. कोणी शिरोळचा, कोणी पन्हाळ्याकडचा, कोणी खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातला. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. आणि आम्ही त्यांना मागणीची लवचिकता समजावीत होतो पाव आणि लोणी घेऊन! लोणी त्यांच्या घरी होते, नाही असे नाही. पण ते पावाला लावण्यासाठी नव्हते, कढवून तूप विकण्यासाठी होते.

एके दिवशी आम्ही व्याजाचे सिद्धांत सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्यात सवाईनं दाणं देत्यात, ते यातल्या कशात बसतं?" सवाई तुम्हाला ठाऊक आहे. ज्येष्ठात एक पोते धान्य न्यायचे आणि सुगीनंतर सव्वा पोते परत घालायचे. आम्ही खडू उचलला आणि ऐटीत सांगितले, सहा महिन्यांना पंचवीस टक्के, म्हणजे सालाला पन्नास. ही तर उघड सावकारी पिळवणूक! मुलगा खाली बसेना. "पण सर, ज्येष्ठात दाणं महाग असत्यात, आणि मार्गशीर्षात स्वस्त."

आम्ही गप्प झालो. घरी जाऊन हिशेब मांडला. आकडे केवळ हिशेबासाठी धरू. ज्येष्ठात पोत्याला चाळीस रुपये आणि सुगीला तीस. घेणाऱ्याने चाळिसांचा माल नेला आणि सव्वा पोते, म्हणजे साडेसदतीस रुपयांचा परत केला. पैशाच्या भाषेत सावकारच अडीच रुपयांनी बुडाला. मग हा कुणबी दरिद्री का? कारण त्याचे दारिद्र्य सवाईत नाही, दोन भावांमधल्या अंतरात आहे. स्वस्ताईत त्याला विकावे लागते आणि महागाईत घ्यावे लागते. त्याच्याकडे कोठार नाही, आणि थांबण्याची ताकदही नाही. पण हिशेब येथे संपत नाही. पाऊस दगा देतो त्या वर्षी सुगीलाच भाव पन्नासावर जातो. आता सव्वा पोत्याचे साडेबासष्ट होतात, आणि रानात तर चार पोतीही आलेली नाहीत. चांगल्या साली हलके वाटणारे कर्ज वाईट साली मानेवर बसते. दुसऱ्या दिवशी हे सारे वर्गात फळ्यावर मांडले आणि आदल्या दिवसाची चूक कबूल केली. आमच्या नोकरीतला तो पहिला खरा तास, असे आम्ही समजतो.

तेव्हापासून आम्ही मुलांना घरचे हिशेब आणायला सांगू लागलो. गुऱ्हाळाचा हिशेब तर एक पुस्तकच निघाले. एका आधणाला ऊस किती, चुलवाणाला जळण किती, गुळव्याची मजुरी, रव्यांचे वजन, अडत, तोलाई, हमाली. शाहू महाराजांनी वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेत ज्यांचे आजे गाड्या सोडत होते, त्या मुलांना बाजार ही काय चीज आहे हे आम्ही शिकवावे! ऊस गुऱ्हाळाला न्यावा की कारखान्याला घालावा, हा निवड करण्याचा प्रश्न त्यांच्या ओसरीवर दरसाल निघत होता. रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा कारखाना, तात्यासाहेब कोऱ्यांची वारणा ही त्यांच्या घरच्या बोलण्यातली नावे होती. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्षपद धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने सांभाळले, हे आम्ही सांगितले तेव्हा मुलांना अचंबा वाटला. पुस्तके लिहिणारा माणूस उसाचा दर ठरवायलाही बसतो, हे त्यांना नवे होते.

भाषेची अडचण होतीच. मराठीत हे शास्त्र मांडता येत नाही, असे म्हणणारे सहकारी तेव्हा पुष्कळ होते. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ सालचे. मराठीला हा विषय काही कालचा नाही. पण आम्ही खरे सांगतो, 'सीमांत उपयोगिता' हा शब्दही मुलांना इंग्रजीइतकाच परका होता. गुऱ्हाळावरचा रसाचा पहिला पेला आणि चौथा पेला म्हटल्यावर ते हसले आणि मग समजले. परिभाषा त्यानंतर द्यावी.

आता शिरोळची गोष्ट. घटत्या उत्पादनाचा नियम आम्ही खतावरून शिकवीत असू. ऐंशीच्या सुमारास मुलांनी पाण्यावरून शिकविला. उसाला वाजवीपेक्षा जास्त पाणी दिले की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते, क्षार वर चढतात, पाणी उडून जाते आणि रानावर पांढरे फूल धरते. पीक घटत घटत नाहीसेच होते. पुस्तकातला नियम येथवर बरोबर चालतो. पण पुस्तकातला शेतकरी स्वतःच्या चुकीची किंमत स्वतः मोजतो. येथे पाणी पाजतो वरच्या रानाचा मालक आणि मीठ फुटते ते खालच्याच्या रानात. पाणी काढून द्यायला चर खणावा, तर तो चार जणांच्या बांधांतून न्यावा लागतो, आणि एकाने आडवा पाय घातला की सगळ्यांचेच अडते. अलीकडच्या वर्षांत शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून क्षारपड रान सुधारण्याचे काम झाले आहे. तेव्हा मात्र चर खणायचा तर वर्गणीवर भागवावे लागे.

हा प्रश्न वर्गात निघाला तेव्हा शिरोळ तालुक्यातली दोन मुले समोर होती, एक चढाच्या रानातला आणि एक उताराच्या. पहिला म्हणाला, "माझ्या रानात मीठ न्हाई, मी वर्गणी का द्यायची?" दुसरा म्हणाला, "पाणी तुझंच हाय की!" पहिल्याने विचारले, "माझंच कशावरून? वर धा जणांची रानं हैत." कोणाचे पाणी किती, हे मोजणार कोण? आम्ही तीन तोडगे फळ्यावर लिहिले. क्षेत्रावर वर्गणी, पाण्याच्या पाळ्यांवर वर्गणी, नुकसानीवर वर्गणी. तिन्ही मुलांनी खोडून काढले. घंटा झाली तरी वाद चालूच होता. खिडकीतून पाहिले तेव्हा दोघे हातवारे करीत शिरोळच्या एस.टी.कडे निघाले होते.