डिसूझांच्या नावातील खूण



कामगार संघटनेच्या माणसाने पीएचपी आणि जावास्क्रिप्टवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण सभासदांची यादी आता संगणकात असते, आणि तिच्यात नाव नीट दिसले नाही तर वर्गणी भरलेला माणूसही सभासद नाही असे ठरते. म्हणून हा विषय माझाच. शाळेत तो मला कोणी शिकवला नाही. रात्री बसून शिकलो.

डिसूझा हे नाव घ्या. रोमन लिपीत त्यातील डीनंतर वर एक खूण येते. जावास्क्रिप्टमध्ये हीच खूण मजकुराचे कुंपण असते. एक आरंभी, एक शेवटी. पीएचपी दूरच्या यंत्रावर पान लिहून पाठवते आणि जावास्क्रिप्ट तुमच्या पडद्यामागे ते वाचते. नाव जसेच्या तसे कुंपणात ठेवले, की जावास्क्रिप्टला वाटते, नाव डी एवढेच. पुढचे ‘सूझा’ तिला कळत नाही आणि तो सबंध तुकडा बंद पडतो. एका नावापायी सगळी यादी कोरी!

उपाय म्हणून खुणेआधी उलटी तिरकी रेघ, बॅकस्लॅश, देतात. ‘हे कुंपण नव्हे, अक्षर आहे’ असा तिचा अर्थ. पण पीएचपीही तीच रेघ वापरते. तिच्या दुहेरी अवतरणात रेघ आणि एन लिहा. ती रेघ पीएचपी वाटेतच खाते आणि पलीकडे खरीखुरी नवी ओळ पोचते. जावास्क्रिप्टच्या साध्या अवतरणात तुटलेली ओळ चालत नाही. रेघ पोचवायची तर दोन लिहाव्या लागतात. मग माणसे रेघा मोजत बसतात.

ॲडस्लॅशेस या सोयीवर माझा भरवसा नाही. ती अवतरणे सांभाळते, तुटलेली ओळ नाही. शिवाय कोणी नावाच्या जागी स्क्रिप्ट संपवणारी खूण लिहिली, तर तिच्यामागून तो आपला हुकूम घुसवतो आणि तो इतरांच्या पडद्यावर चालतो.

पूर्वी मॅजिक कोट्स नावाची प्रथा येणाऱ्या मजकुराला आपणहून रेघा लावी. नावे रेघांसकट साठत, रेघांसकट छापली जात. २०१२ साली ५.४ या आवृत्तीत ती काढली, बरे झाले. साठवताना माणसाचे नाव विद्रूप का करावे? ज्या दाराने ते बाहेर पडते तेथे त्याची व्यवस्था लावावी.

त्यासाठी २००६ सालच्या ५.२ आवृत्तीपासून जेसन_एनकोड आहे. भोवतीची अवतरणे तीच घालते. आपण पुन्हा घालू नयेत. सोबत जेसन_हेक्स_टॅग द्यावे, म्हणजे कोनी कंसही निरुपद्रवी होतात. देवनागरी अक्षरे यू आणि आकड्यांच्या वेषात जातात, पण पलीकडे पुन्हा अक्षरेच होतात. मजकूर मात्र यूटीएफ-८ मध्ये हवा, नाहीतर हाती नकार येतो, तो तपासावा. आणि हाच मजकूर बटणाच्या ऑनक्लिकमध्ये जाणार असेल, तर त्यावर एचटीएमएलस्पेशलचार्स चालवावे, कारण तेथे एचटीएमएल आधी वाचले जाते आणि जावास्क्रिप्टची पाळी नंतर येते.