डोव्हरचा खटला आणि कालाकोटचे दगड

(एका वासंतिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'उत्क्रांती की निर्मिती : पुरावा काय सांगतो?' हा विषय संयोजकांनी सुचविला तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कलाशाखेचा पदवीधर. जीवशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला. तथापि पत्रकारितेच्या निमित्ताने न्यायालयांचे निकाल मात्र पुष्कळ वाचले, आणि सुदैवाने या वादाचा एक सविस्तर न्यायनिवाडा उपलब्ध आहे. तेव्हा आज आपण प्रयोगशाळेत न जाता न्यायालयात जाऊ.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचे लहानसे गाव आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील शाळा मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी एक ठराव केला. त्यातून पुढे असे ठरले की, नववीच्या वर्गात उत्क्रांतीचा पाठ सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक निवेदन वाचून दाखवावे. डार्विनचा सिद्धान्त ही वस्तुस्थिती नव्हे, त्यात उणिवा आहेत, आणि 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणजे बुद्धिपुरस्सर रचना हे निराळे स्पष्टीकरणही उपलब्ध आहे, असा त्याचा आशय. जिज्ञासूंसाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक ठेवले होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे निवेदन वाचण्यास साफ नकार दिला. विद्यार्थ्यांना जाणूनबुजून चुकीचे सांगणे आमच्या व्यवसायधर्मात बसत नाही, ही त्यांची भूमिका. अखेर जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातील मंडळींनी वर्गात येऊन ते वाचले. तत्पूर्वीच अकरा पालकांनी न्यायालयाचे दार ठोठावले होते.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सरकारी शाळेत धर्मशिकवण देता येत नाही. लुइझियाना राज्याने 'निर्मितीविज्ञान' शिकविण्याचा कायदा केला होता. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून १९८७ मध्ये रद्द ठरविला. डोव्हरच्या पालकांचे म्हणणे असे की, 'बुद्धिपुरस्सर रचना' हे त्याच निर्मितीवादाचे दुसरे नाव आहे. हे सिद्ध कसे करणार? वकिलांनी 'पांडाज' पुस्तकाचे जुने खर्डे मागविले. १९८७ च्या निकालापूर्वीच्या खर्ड्यांत जेथे 'क्रिएशनिस्ट्स' होते, तेथे नंतरच्या खर्ड्यांत 'डिझाइन प्रोपोनंट्स' आले होते. एके ठिकाणी तर घाईत जुन्या शब्दाचे आद्याक्षर आणि शेपूट तसेच राहिले व 'सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स' असा अजब शब्द तयार झाला! मुद्रितशोधनात डोळे शिणविलेल्या माणसाला या चुकीचे मोल सांगायला नको. दोन जातींच्या मधला दुवा दाखवा, असे उत्क्रांतिवाद्यांना बजावणाऱ्यांच्याच पुस्तकात तो सापडला.

सप्टेंबर ते नोव्हेंबर २००५ मध्ये खटला चालला. पहिले साक्षीदार होते ब्राऊन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर, जे स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत. त्यांनी मांडलेला एक पुरावा माझ्यासारख्या बिगरशास्त्रीय माणसालाही पटला. चिंपांझी, गोरिला यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या, माणसात तेवीस. पूर्वज जर एक, तर चोविसावी जोडी गेली कोठे? ती नुसती हरवणे शक्य नाही, तसे झाले तर जीव जगणारच नाही. म्हणजे कोठेतरी दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत आणि त्या सांध्याची खूण मिळाली पाहिजे. न मिळाली तर सिद्धान्त अडचणीत! ती खूण माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात मिळाली. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारी रचना तेथे मध्यभागी आढळते आणि एकाऐवजी दोन मध्यबिंदूंचे अवशेष दिसतात.

प्रतिपक्षाचे प्रमुख साक्षीदार जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही. शरीरातील रोगप्रतिकारयंत्रणा इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्या उत्क्रांतीचे उत्तर विज्ञानाजवळ नाही, असे ते लिहीत आले होते. उलटतपासणीत त्यांच्यापुढे याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि नऊ पुस्तके रचून ठेवण्यात आली. हा पुरावा पुरेसा नाही, असे त्यांचे उत्तर. 'वैज्ञानिक सिद्धान्ता'ची तुमची सैल व्याख्या स्वीकारली तर तीत फलज्योतिषही बसेल काय, या प्रश्नालाही त्यांना होकार द्यावा लागला. (आपल्याकडे या उत्तरावर कोणी दचकले असते की नाही, देव जाणे!)

न्यायाधीश जॉन जोन्स रिपब्लिकन पक्षाचे, राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनीच नेमलेले. मंडळाला त्यांच्याकडून आशा असणे स्वाभाविक होते. २० डिसेंबर २००५ रोजी त्यांनी १३९ पानांचा निकाल दिला. रचनावाद खरा आहे की खोटा यावर न्यायालय मत देत नाही, परंतु ते विज्ञान नव्हे. उत्क्रांती मानल्याने ईश्वराचे अस्तित्व नाकारले जात नाही, हेही त्यांनी तज्ज्ञांच्या साक्षींच्या आधारे नमूद केले. त्यापायी न्यायाधीशांना धमक्या आल्या, घराला संरक्षण द्यावे लागले. निकालाआधीच झालेल्या निवडणुकीत रिंगणातील आठही मंडळसमर्थक पराभूत झाले होते. खर्चाचा भार मात्र शाळेवर पडला, दहा लाख डॉलरचा.

हे सारे परक्या देशातले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. वस्तुतः सहा दिवसांत सृष्टी निर्माण झाली असा आग्रह आपल्या परंपरेत नाही. कल्प आणि मन्वंतरांची गणना करणाऱ्याला कोट्यवधी वर्षांचे भय कसले? तरीही जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, तेव्हाच्या औरंगाबादेतच, डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, असे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचे खंडन केले आणि ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशा विधानांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला, हे बरे झाले. पुढे अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याच्या कारणाने २०२३ च्या 'एनसीईआरटी'च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. तो बारावीत आहे, हे खरे. पण माझ्यासारखी जी मुले दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकतात, त्यांचे काय?

'कोणी पाहिले?' हा प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु प्रत्यक्षदर्शी नसतानाही परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण झाली की न्यायालय जन्मठेप देते. आणि दशावतारांचे काय, असे तुमच्यापैकी कोणी चर्चेत विचारील, म्हणून आधीच सांगतो. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम मनाला भावतो, मलाही भावतो. तथापि जीवाश्म मिळाला नाही तर आपण तो क्रम सोडून देणार आहोत काय? नाही ना? मग त्याला पुरावा म्हणू नये. श्रद्धेचे स्थान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नाही.

पुरावा कसा असतो ते आपल्याच भूमीत पाहा. जमिनीवरील चतुष्पादापासून देवमाशापर्यंतची जीवाश्मांची मालिका केव्हिन पेडियन यांनी डोव्हरच्या न्यायालयात दाखविली होती. तिच्या आरंभीचा एक दुवा तेव्हा मिळायचा होता. जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात कालाकोट येथून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जीवाश्मयुक्त दगड गोळा केले होते. काही दात व जबड्याच्या आधारे त्यांनी १९७१ मध्ये 'इंडोह्युस' या प्राण्याचे नामकरणही केले. उरलेले दगड फोडायचे राहून गेले. त्यांच्या पश्चात पत्नीने ते अमेरिकेतील देवमाशांचे अभ्यासक हान्स थेविसन यांच्या हाती सोपविले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, हरणासारखा खूर असलेला हा जीव. त्याची एक कवटी साफ करताना सहायकाच्या हातून चुकून फुटली आणि कानाचे हाड उघडे पडले. त्या हाडाची आतली भिंत जाड होती. अशी जाड भिंत तोवर फक्त देवमाशाच्या कुळात आढळली होती.