फाइलीच्या डोक्यावरची ओळ

फाइलीच्या शेवटी मजकूर जोडणे आणि तिच्या आरंभी मजकूर घालणे ही कामे वरकरणी सारखी वाटली, तरी संगणकाच्या लेखी ती एका जातीची नाहीत. युनिक्स आणि तिच्या वळणाच्या लिनक्ससारख्या कार्यप्रणालींत फाइल म्हणजे शून्यापासून क्रमांक लावलेल्या बाइटांची, म्हणजे आठ-आठ बिटांच्या गटांची, सलग रांग होय. रांगेच्या शेपटाशी नवे बाइट सहज उभे करता येतात आणि शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये, '>>' या खुणेने ते काम होते. परंतु रांगेच्या तोंडाशी कोणाला घ्यायचे तर मागच्या प्रत्येकाचा क्रमांक बदलतो, आणि तसे करून देणारी साधी सोय प्रणालीत नाही. त्यामुळे आरंभी ओळ घालणारी स्क्रिप्ट बहुधा जुन्या फाइलीत भर घालत नसते, ती सगळी फाइल नव्याने लिहीत असते, आणि या कामातले बहुतेक अपघात ही गोष्ट नजरेआड झाल्यामुळे होतात.

वर्गणीची एक यादी घ्यावी, जिची पहिली ओळ 'सखाराम,वाई,५००' अशी आहे आणि जिच्यावर 'नाव,गाव,रक्कम' हे शीर्षक घालायचे आहे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, ३ बाइट घेते. म्हणून शीर्षक, दोन स्वल्पविराम आणि ओळ संपल्याची खूण धरून, ३६ बाइटांचे होते, आणि सखारामाची ओळ ३९ बाइटांची. फाइल वाचन-लेखनासाठी उघडून शून्य क्रमांकावर शीर्षक लिहिले, तर जुना मजकूर मागे सरकत नाही, तो पुसला जातो: सखाराम जातो, वाई जाते, पाचशेतला पाच आणि पहिले शून्य जाते आणि शेवटच्या शून्याचा एक बाइट जाऊन दोन अनाथ बाइट उरतात, जे पडद्यावर काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हासारखे दिसतात. उलट फाइल 'जोडण्यासाठी' म्हणून उघडली, तर आधी शून्यावर जाण्याची आज्ञा दिली तरी युनिक्स-प्रणाली लेखन शेवटीच करते.

दुसरी चूक अधिक प्रचलित आणि अधिक घातक आहे. 'कॅट' ही आज्ञा अनेक फाइलींचा मजकूर एकापुढे एक ओतते, तेव्हा शीर्षकाची फाइल आणि यादी ओतून '>' या खुणेने निकाल पुन्हा यादीतच वळवावा, असे सुचणे स्वाभाविक आहे. पण '>' दिसताच शेल ती फाइल रिकामी करतो आणि मगच कॅटला हाक मारतो. कॅट यादीपर्यंत पोचते तेव्हा तिच्यात नुकतेच लिहिलेले शीर्षक तेवढे असते. जीएनयू प्रकल्पाची कॅट वाचायची आणि लिहायची फाइल एकच असल्याचे तपासून येथे थांबते आणि तक्रार करते, जिथे ही तपासणी नाही तिथे ती स्वतःचेच लिहिलेले वाचून पुन्हा लिहीत राहते आणि डिस्क भरेपर्यंत शीर्षके छापते. दोन्ही प्रकारांत वर्गणीदार मात्र गेलेले असतात.

शहाणी रीत अशी, की शीर्षक आणि जुना मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत लिहावा आणि ते लेखन निर्वेध झाल्यावरच तिला जुन्या फाइलीचे नाव द्यावे. एकाच फाइलव्यवस्थेत हे नामांतर अखंड असते, म्हणजे पाहणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. तात्पुरती फाइल दुसऱ्या डिस्कवर असेल तर नामांतराऐवजी नक्कल होते आणि ही हमी संपते. याची किंमतही आहे. नवी फाइल खरोखरच नवी असते: तिच्या वाचन-लेखनाच्या परवानग्या वेगळ्या असू शकतात, आणि जुनी फाइल उघडी धरून बसलेला प्रोग्राम निनावी झालेल्या जुन्या फाइलीतच लिहीत राहतो. 'सेड' या ओळींवर काम करणाऱ्या साधनाचा जागच्या जागी बदल करण्याचा पर्यायही पडद्याआड हेच करतो. शिवाय त्याला 'पहिल्या ओळीआधी घाल' म्हटले आणि फाइल रिकामी असली, तर पहिली ओळच नसल्याने तो काहीही न करता निमूट परततो.

लिनक्सने २०१५ मध्ये फाइलीत मधेच जागा पाडण्याची सोय आणली खरी, पण ती काही मोजक्या फाइलव्यवस्थांतच चालते आणि ठोकळ्याच्या मापाने, सहसा ४,०९६ बाइटांच्या पटीत, जागा देते. ३६ बाइटांच्या शीर्षकाला तिचा उपयोग नाही. वहीपूजनालाच पहिल्या पानावर श्री लिहून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची युक्ती त्यापेक्षा व्यवहारी म्हणावी लागेल. अशीच आगाऊ तजवीज एमपी३ गाण्यांतही दिसते. त्यांची माहिती १९९६ मध्ये फाइलीच्या शेवटच्या १२८ बाइटांत लिहीत असत. पुढे १९९८ मध्ये ती आरंभी आली, तेव्हा तिच्यामागे कोरी जागा सोडण्याची मुभा ठेवली गेली, जेणेकरून नाव बदलले की सारे गाणे पुन्हा लिहावे लागू नये.

आणखी एक पथ्य स्क्रिप्टच्याच फाइलींचे आहे. स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची हे प्रणाली '#!' या पहिल्या दोन बाइटांपुढे लिहिलेल्या नावावरून ओळखते. सॉफ्टवेअर-परवान्याची टीप सरसकट सर्व फाइलींच्या डोक्यावर चढवली, की ही खूण खाली ढकलली जाते आणि एरवी चालणारी स्क्रिप्ट भलत्याच शेलच्या हाती पडते. म्हणून भर घालणाऱ्या स्क्रिप्टने आधी सुरुवातीच्या ओळी वाचाव्यात: पहिलीत '#!' असेल तर टीप दुसऱ्या ओळीवर जावी, आणि तीच टीप आधीच असेल, तर फाइलीला हात न लावता पुढे जावे.