अ, इ, उ, ए, ओ

चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलामुलींना ‘कायझेन’ (सतत सुधारणा) हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तिथे भिंतीवर कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीचा फलक असतो. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके हे त्यातले पाचही शब्द जपानी आहेत. तुम्ही रोज त्या शब्दांत वावरता. मग ती भाषाच नीट का शिकू नये?

जपानी अवघड, असं ऐकून बरेचजण वर्गात पाऊलच ठेवत नाहीत. पण मराठी माणसाला तिची वाक्यं परकी वाटत नाहीत. ‘मी पुण्याला जातो’ हे जपानीत ‘वाताशि वा पुणे नि इकिमासु’. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी आणि आपल्या ‘ला’च्या जागी ‘नि’. ‘येता का?’ असं विचारायचं तर ‘किमासु का?’ प्रश्नाचा ‘का’सुद्धा तोच आणि तिथेच! समोरच्याचा मान पाहून क्रियापद बदलायचं, हेही आपल्याला घरातूनच ठाऊक असतं.

खरे कष्ट आहेत लिपीचे. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं काही आठवड्यांत हाताखाली येतात. कांजी, म्हणजे चिनी चिन्हांची लिपी, मात्र वर्षानुवर्षं घटवावी लागते. जपान सरकारने नित्याच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजींची संख्या २,१३६ आहे. रोज दोन-तीन चिन्हं गिरवणं, एवढाच त्यावर उपाय.

जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सगळ्यांत सोपी, एन-१ सगळ्यांत अवघड. पुण्यातही ही परीक्षा देता येते. अनेकजण एन-५चं प्रमाणपत्र मिळवून थांबतात आणि नोकरी मिळाली नाही म्हणून भाषेला दोष देतात. दुभाष्याच्या आणि भाषांतराच्या कामाला साधारणपणे एन-२ किंवा त्यापुढची तयारी लागते. शिवाय या परीक्षेत वाचन आणि श्रवण तपासतात, बोलणं तपासतच नाहीत. मुलाखतीत मात्र बोलावंच लागतं. म्हणून पहिल्या महिन्यापासून मोठ्याने बोला, चुका होऊ द्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भाषेला हुन्नराची जोड हवी. जपानमध्ये वृद्धांची संख्या वाढली आहे आणि काम करणारे हात कमी पडताहेत. म्हणून त्या देशाने एप्रिल २०१९ पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. त्यासाठी सर्वसाधारणपणे कामाची आणि भाषेची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम ही त्यातली काही क्षेत्रं. परिचारिका, वेल्डर, संगणक अभियंता, जो कुणी आपलं काम पक्कं शिकून वर जपानी बोलेल, त्याची किंमत वाढेल. ‘तीन महिन्यांत जपानला पाठवतो’ म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका. इतक्या दिवसांत कामाला पुरेल एवढी भाषा येत नाही.

मित्रांनो, जपानी अक्षरमालेचा क्रम भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून घडला. तिचे स्वर पाचच आहेत: अ, इ, उ, ए, ओ. पाचही तुम्हाला लहानपणापासून येतात. आज रात्री जेवण झाल्यावर एक कोरी वही घ्या आणि ते पाच स्वर हिरागानात लिहून काढा. उद्या पुढची पाच अक्षरं. दोन वर्षं ही वही बंद पडू देऊ नका.