चार आकड्यांतला महाराष्ट्र

नकाशावर एखादं ठिकाण कोणत्या राज्यात आहे हे शोधताना दर वेळी वळणावळणाची सीमा तपासत बसलं, तर संगणकाचा बराच वेळ जातो. म्हणून प्रोग्रामर आधी त्या प्रदेशाभोवती एक आयताकृती चौकट आखतात. तिला चारच आकडे पुरतात: पश्चिम आणि पूर्व टोकांचे रेखांश, दक्षिण आणि उत्तर टोकांचे अक्षांश.

महाराष्ट्राची चौकट साधारण ७२.६ ते ८०.९ पूर्व रेखांश आणि १५.६ ते २२ उत्तर अक्षांश अशी येते. ठिकाण तिच्या आत आहे का, हे चार तुलनांत कळतं. पण या चौकटीत सुरत येतं, आणि चक्क हैदराबादही! म्हणजे ही फक्त पहिली चाळणी. नेमका निकाल खऱ्या सीमेवरूनच लावावा लागतो.

आकड्यांचा क्रमही सांभाळायला हवा. जिओजेसन या मांडणीत रेखांश आधी येतो, तर नकाशे दाखवणाऱ्या लीफलेटमध्ये अक्षांश आधी. अदलाबदल झाली, की मुंबई थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पडते.

खरी कसोटी लागते फिजीत.

या द्वीपसमूहातून १८० अंशांचं रेखावृत्त जातं. त्यामुळे चौकटीची पश्चिम कड १७७, तर पूर्व कड उणे १७८. लहान आकडा पश्चिमेचाच, असं धरून चालणारा प्रोग्राम पाच अंशांच्या फिजीऐवजी जवळजवळ अख्ख्या पृथ्वीला वेढा घालतो. २०१६च्या जिओजेसन मानकात फिजीचंच उदाहरण देऊन खुलासा केला आहे: पश्चिमेचा आकडा मोठा असेल, तर चौकट ती रेषा ओलांडते. म्हणून प्रोग्राम तपासताना पुण्या-नागपूरबरोबर फिजीचे आकडेही घालून पाहावेत.