चौसष्ट प्रोसेसर, एक फ्लॉपी

पदवीधरांनो,

मोंढ्यातला कांद्याचा लिलाव सोडून काही पालक इथे येऊन बसलेत, म्हणून आटोपशीर बोलतो.

अलीकडे डॉ. विजय भटकरांच्या आयुष्याविषयी वाचत होतो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी 1946 साली जन्म, पुढे नागपूरला इंजिनिअरिंग आणि दिल्लीच्या आयआयटीत पीएचडी. ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली, सूत्रं भटकरांकडे आली आणि 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. ‘त्यांनी नाही म्हटलं, आम्ही करून दाखवलं’ इथे टाळ्या पडतात आणि बहुतेक वक्ते इथेच थांबतात. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

परममधले प्रोसेसर सी-डॅकने घडवलेले नव्हते. ते इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, विकत मिळणारे. एकेकटा घेतला तर क्रेच्या पासंगालाही न पुरणारा! करामत होती ती वाटणीत. मोठं गणित तोडायचं, चौसष्ट प्रोसेसरांत वाटायचं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला वेळेवर पोचवायचं. वाटणी चुकली की मळणीला माणसं रग्गड आणि पोती भरायला कुणीच नाही, अशी गत होते. ती वाटणी करणारं सॉफ्टवेअर आपल्या माणसांनी लिहिलं, आणि मला त्याचं कौतुक जास्त आहे.

महासंगणक मी कधी जवळून पाहिला नाही. सी-डॅकची माझी ओळख झाली ती मराठी अक्षरांतून. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातून निघालेलं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची.

आम्ही संगणकाच्या क्लासला चपला दाराबाहेर काढून जायचो. लोडशेडिंगच्या वेळा फळ्यावर लिहिलेल्या असायच्या. पुढे मोंढ्यातल्या एका आडत्याकडे बसून मी हिशोबपट्ट्या टाइप केल्या, नोटिसा केल्या आणि लग्नसराईत पत्रिकाही. पत्रिका छापायला औरंगाबादला गेली की तिकडे आमच्याकडचा मराठी फॉन्ट नसायचा आणि ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस उमटायचे. म्हणून मजकुरासोबत फॉन्टही फ्लॉपीत भरून द्यायचा. (परवाना वगैरे कोणी विचारत नसे.)

असं का व्हायचं? या फॉन्टांत संगणकाच्या लेखी आम्ही इंग्रजीच टाइप करत होतो. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर ‘क’चं नुसतं चित्र चिकटवलेलं असायचं आणि प्रत्येक फॉन्टवाल्याचं चिकटवणं निराळं. युनिकोड या सामाईक प्रमाणाने ‘क’ला स्वतःचा क्रमांक दिला. युनिकोडची पहिली आवृत्तीही 1991चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी भारतीय लिप्यांसाठीच्या आपल्या 1988च्या इस्की प्रमाणावर बेतलेली. परमचा गाजावाजा झाला. इस्कीच्या या अक्षरतक्त्याचा झाला नाही, पण आज सकाळी तुम्ही व्हॉट्सअॅपवर ‘निघालो’ लिहिलंत ते त्याच्याच जोरावर. भटकरांवरचं लेखन सहज हाती लागतं, भारतीय लिप्यांचं काम सुरू करणाऱ्या तांब्यांवरचं पुस्तक मात्र मी अजून शोधतोय.

आता कामाचं. माझ्या घरी जुन्या फॉन्टांतल्या फायलींचा ढीग आहे. कांद्याच्या पट्ट्या, नोटिसा, पतसंस्थांचे अहवाल, दाक्षायणी देवीच्या यात्रेची पत्रकं. उघडल्या तर नुसते कंस दिसतात. त्या युनिकोडमध्ये आणायच्या तर प्रत्येक फॉन्टचा वेगळा तक्ता बसवावा लागेल, शिवाय ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात. काम किचकट आहे, एकट्याच्याने होणारं नाही, वाटून घ्यावं लागेल. ज्यांना यात हात घालायचाय त्यांनी जेवणानंतर मंडपामागे भेटा. पेनड्राइव्ह माझ्या खिशात आहे.