गाडीची गरम मूठ : घ्यावी का आणि बसवावी कशी?



दिवाळी सरली की आपल्या भागात पहाटेचा गारठा वाढायला लागतो. मार्गशीर्ष-पौषात कृष्णेच्या आणि वारणेच्या काठाला धुकं उतरतं. याच दिवसांत आपल्यातल्या कितीतरी जणी उजाडायच्या आधी गाडी बाहेर काढतात. कुणी किटली घेऊन डेअरीला जाते, कुणी द्राक्षबागेच्या कामाला, कुणी मिरजेच्या दवाखान्यात सकाळच्या पाळीला. समडोळी, दुधगावकडून विश्रामबागेत कामाला यायचं म्हटलं तर अर्धा-पाऊण तास हात वाऱ्यावर असतात. पोचेपर्यंत बोटं अशी होतात, की पर्सची चेनसुद्धा उघडत नाही.

हल्ली मोबाइलवर एका वस्तूची जाहिरात दिसते. गाडीच्या हँडलची मूठ, म्हणजे ग्रिप, विजेवर गरम होते. थंड देशांत आणि आपल्याकडे मनाली-लेहच्या बाजूला जाणारे गाडीवाले ती वापरतात. आपल्या बचत गटांतही विचारणा सुरू झाली आहे, की ही मूठ आपल्या स्कूटरला चालेल का? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. गार हात म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असतात. मोटरसायकलचा पुढचा ब्रेक आणि क्लच हातातच असतो. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर होतो, आणि किती दाबला तेही नीट कळत नाही. हिशेब करून बघा. गाडी ताशी 40 किलोमीटरने चालली असेल, तर एका सेकंदात ती 11 मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट गाडी जास्त पुढे जाते. हेच दिवस ऊसतोडीचे. पहाटे धुक्यात उसाची बैलगाडी नाहीतर मागे दिवा नसलेली ट्रॉली पुढ्यात येते. तिथं ते 18 फूट फार मोठे असतात.

आता हात गार का पडतात ते बघू. हवा 10 अंश असेल आणि गाडी 40च्या वेगात असेल, तर उघड्या कातडीला 6 अंशांसारखा गारवा लागतो. वारा अंगाजवळची ऊब सतत उडवून नेतो. हा वारा लागतो कुठं? हाताच्या पाठीला आणि बोटांच्या पेरांना. गरम मूठ मात्र तळहाताला ऊब देते. म्हणजे पुढून वारा तसाच लागत राहिला, तर तळहात भाजल्यासारखा आणि बोटांची पाठ बर्फासारखी, अशी गत होते. म्हणून पहिला पैसा वारा अडवण्यावर घालायचा. ऊब विकत घ्यायचा विचार त्याच्यानंतर.

वारा अडवायचे दोन मार्ग आहेत. पहिला हातमोज्यांचा. नुसते लोकरीचे मोजे गाडीवर उपयोगी पडत नाहीत, कारण विणीतून वारा आत शिरतो आणि मूठ निसटते. आत पातळ सुती मोजा आणि वरून वारा न शिरणारा, तळहाताला पकड असलेला मोजा, अशी जोडी चांगली. मोजा घट्ट नसावा. घट्ट मोज्यानं रक्त कमी फिरतं आणि बोटं जास्तच गार पडतात.

दुसरा मार्ग म्हणजे हँडलवर बसणारं कव्हर. मूठ आणि ब्रेकचा दांडा दोन्ही आत राहतात आणि आपण हात आत घालून गाडी चालवतो. हे तयार मिळतं, आणि शिलाई मशीन असलेल्या गटाला ते करताही येईल. बाहेरून जुन्या रेनकोटचं कापड, आतून वाकळेसारखे दोन-तीन थर. मात्र तीन गोष्टी सांभाळायच्या. हात घालायचं तोंड ऐसपैस हवं, हात झटक्यात बाहेर निघाला पाहिजे. आतून हॉर्न आणि इंडिकेटरचं बटण हाताला लागलं पाहिजे. आणि कव्हर वाऱ्यानं दबून ब्रेकच्या दांड्यावर रेटता कामा नये. त्याची तपासणी सोपी आहे. गाडी चालू करून कव्हर समोरून हातानं दाबा आणि कुणाला तरी मागचा लाल दिवा बघायला सांगा. ब्रेकचा दिवा लागला, तर कव्हर चुकीचं बसलं आहे.

ज्यांना गावातून डेअरीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जायचं आहे, त्यांचं काम एवढ्यावर भागतं. आपल्याकडचा कडक गारठा काही सहा महिने टिकत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच्या पहाटा, एवढाच काळ. गरम मुठीचा विचार त्यांनी करावा, ज्या रोज उजाडायच्या आधी अर्ध्या तासाहून जास्त गाडी चालवतात आणि मोजे, कव्हर वापरूनही ज्यांची बोटं बधिर होतात.

अशा मैत्रिणींनी दुकानात जायच्या आधी आपल्या गाडीची ताकद बघायची. मुठींची एक जोडी साधारण 36 वॅट वीज घेते असं धरू. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. 36ला 12नं भागलं की 3 अँपिअर. आता स्कूटरची बॅटरी किती मोठी? तिच्यावर लिहिलेलं असतं. पुष्कळ स्कूटरना 4 अँपिअर-अवरच्या आसपासची असते. म्हणजे इंजिन बंद ठेवून मूठ चालू राहिली, तर तासाभरात बॅटरी जवळजवळ संपली. सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी बंद पडेल. थंडीत बॅटरीचा जोर आधीच कमी असतो. काही नव्या गाड्यांना किकही नाही. मग पहाटे पाच वाजता भरलेली किटली घेऊन रस्त्यात उभं राहायची वेळ येते.

तुम्ही म्हणाल, इंजिन चालू असलं की बॅटरी चार्ज होतेच की. होते, पण तिथंही हिशेब आहे. एप्रिल 2017 पासून आपल्या देशात नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. तेवढी वीज आधीच खर्ची पडते. डोंगरातल्या मोठ्या गाड्यांची वीज तयार करायची ताकद जास्त असते. आपल्या 110च्या स्कूटरची तेवढी नसते. म्हणून कमी वॅटची जोडी घ्या, आणि कमी-जास्त करायचं बटण असलेली घ्या. बॅटरी उतरायला लागली की आपोआप बंद होणारी मिळाली तर फारच चांगलं.

दुसरी पारख जाडीची. ही बाब बायकांसाठी फार महत्त्वाची आहे. गरम मुठीच्या आत तार असते, म्हणून ती नेहमीच्या मुठीपेक्षा जाड असते. आपला पंजा लहान. मूठ जाड झाली की ब्रेकचा दांडा बोटांना लांब पडतो. घ्यायच्या आधी घरी करून बघा. आताच्या मुठीवर पातळ कापडाचे दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा, रोजचे हातमोजे घाला आणि गाडी उभी असतानाच दांड्याकडे बोटं न्या. बोटांचं दुसरं पेर दांड्यावर सहज टेकलं पाहिजे. नुसती टोकं पोचत असतील, तर ती मूठ तुमच्यासाठी नाही, कितीही गरम होत असली तरी.

वरून गुंडाळून पट्टीनं चिकटवायच्या स्वस्त गरम पट्ट्याही मिळतात. डाव्या हाताला त्या एक वेळ चालतील, पण उजवीकडे रेस असते. पट्टी सैल झाली की हात फिरतो आणि रेस फिरत नाही, किंवा पट्टी अडकून रेस परत येत नाही. उजव्या मुठीवर ती लावू नका. मोबाइल चार्जरच्या जागी जोडायच्या पट्ट्यांना जेमतेम 10 वॅट वीज मिळते. चालत्या गाडीच्या वाऱ्यात ती ऊब फारशी जाणवत नाही.

लांबी आणि भोकाचं मापही बघायचं. आपल्या गाड्यांचा हँडलचा पाइप बहुतेक 22 मिलिमीटरचा असतो. रेसच्या बाजूला त्यावर प्लॅस्टिकची नळी असते, म्हणून उजव्या मुठीचं भोक मोठं असतं. जुन्या मुठीची लांबी पट्टीनं मोजून न्या. नळी घासून मूठ बसवू म्हणणाऱ्याला नको म्हणा.

आता बसवायचं काम. हे ज्याला गाडीच्या वायरिंगची माहिती आहे, त्याच्याकडूनच करून घ्या. तुम्ही मात्र शेजारी उभं राहून बघा, आणि काय बघायचं ते लक्षात ठेवा.

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर सुटली पाहिजे. मग जुनी मूठ कापून काढायची. नवी मूठ आधी गोंद न लावता बसवून बघायची. उजव्या मुठीची वायर रेसबरोबर फिरते, म्हणून तिला थोडी ढील हवी. पण ती ब्रेकच्या दांड्यात अडकेल एवढी लोंबती नको. रेस पूर्ण पिळून सोडली की टचकन परत आली पाहिजे. हे पटलं की मगच गोंद. गोंद रात्रभर सुकू द्यायचा. त्याच दिवशी गाडी न्यायची घाई करू नका.

दुसरी गोष्ट वीज कुठून घेतली ती. घाईत मेकॅनिक जवळची वायर सोलतो, हॉर्नची नाहीतर हेडलाइटची, आणि तिथंच जोड मारून वर टेप गुंडाळतो. ती वायर एवढ्या कामासाठी नसते. ती तापते, टेप सुटतो, पाणी शिरतं. बऱ्याच स्कूटरना सगळ्या गाडीला मिळून एकच फ्यूज असतो. मुठीच्या वायरमध्ये शॉर्ट झाला की तो उडतो आणि दिव्यासकट सगळं बंद. जुन्या गाडीत रेस वाढवली की हेडलाइटचा उजेड वाढतो, कारण तो दिवा थेट मॅग्नेटोवर असतो. तिथं तर मूठ जोडायचीच नाही.

बरोबर जोडणी अशी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्वतंत्र वायर, बॅटरीच्या अगदी जवळ 5 अँपिअरचा वेगळा फ्यूज, पुढे रिले आणि मग मूठ. रिलेला इशारा किल्लीच्या वायरचा. म्हणजे किल्ली काढली की मूठ आपोआप बंद. बटण बंद करायला विसरलं तरी बॅटरी वाचते. विजेवरची स्कूटर असेल, तर मोठ्या बॅटरीला कुणालाही हात लावू देऊ नका. तिचा दाब 12 व्होल्टपेक्षा खूप जास्त असतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच काय ते करा. पेट्रोल गाडी वॉरंटीत असेल तरी आधी विचारा, कारण वायर कापली की वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी तपासा. एक, गाडी स्टँडवर लावून चालू करा आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. वळवताना इंजिनचा आवाज वाढला, तर केबल किंवा वायर ओढली जाते आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. दोन, हॉर्न, इंडिकेटर आणि दोन्ही ब्रेकचा मागचा दिवा बघा. तीन, मूठ जास्तीत जास्त गरम ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावायला सांगा. तेरा-साडेतेराच्या पुढे व्होल्ट दिसले तर ठीक. साडेबाराच्या खाली उतरत चालले, तर गाडीला तो भार पेलत नाही. चार, अर्धा तास चालवून आल्यावर वायरच्या जोडांना हात लावा. मूठ गरम असावी, जोड गरम नसावेत.

वापरायची रीतही सांगते. निघताना पाच मिनिटं जास्त, मग कमीवर. सिग्नलला, फाटकाला थांबलात तर बंद. पोचायच्या पाच मिनिटं आधी बंद करा, बॅटरीला तेवढी उसंत मिळते.

शेवटी तब्येतीचं. ज्यांना मधुमेह आहे आणि बोटांना मुंग्या येतात किंवा स्पर्श कमी कळतो, त्यांना चटका बसलेला समजत नाही. त्यांनी मूठ कमीवरच ठेवावी आणि घरी आल्यावर तळहात बघावेत. काही जणींची बोटं गारठ्यात आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाली की लाल होतात. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. त्याला नुसता गारठा म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि हात बधिर झाले तर सायलेन्सरवर धरू नका, एकदम कढत पाण्यातही घालू नका. गाडी बाजूला घ्या, हात काखेत दाबून दोन-चार मिनिटं थांबा, बोटं उघडझाप करा. दोन्ही ब्रेक नीट दाबता येतात हे बघूनच पुढे निघा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. सगळ्यांच्या गाड्या अंगणात लावा. कापड गुंडाळून कुणाची बोटं दांड्यापर्यंत पोचतात ते बघा, बॅटरीवरचा आकडा वाचा, आणि कुणाला नुसतं कव्हर पुरेल, कुणाला खरंच गरम मूठ हवी, याची यादी करा. कव्हर गटातच शिवता येतील. मूठ घ्यायचीच असेल, तर आधी एकीच्या गाडीला बसवा, आठ-दहा दिवस चालवू द्या आणि मगच बाकीच्यांनी ठरवा. दुकानदाराला भाव विचारताना मूठ, रिले, फ्यूज, वायर आणि मजुरी असा सगळा मिळून विचारा.

पहाटे निघताना दोन मिनिटं जास्त द्या, धुक्यात वेग कमी ठेवा, ओढणीची टोकं नीट खोचा आणि हेल्मेट घाला.